बाराशे शब्दांचा अभ्यासनिबंध: आराखडा, खर्डा आणि काटछाट

खोडरबर (धागाकर्ता)

छोट्या अभ्यासनिबंधांबद्दलचे प्रश्न अधूनमधून येतात आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरतात, म्हणून हा एक धागा. शब्दमर्यादा १२०० धरली आहे. तुमची १००० किंवा १५०० असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला. सगळ्यांना एकाच उदाहरणावर बोलता यावं म्हणून प्रश्न असा घेऊ:

'१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढल्यामुळे कॉलऱ्याची साथ थांबली. या विधानाची चिकित्सा करा.'

(हा हाताने चालवायचा, विहिरीवरचा सार्वजनिक पंप. दांडा काढला की पाणी बंद.) आधी प्रश्न फोडा. क्रियापदाखाली रेघ मारा. 'वर्णन करा' म्हणजे काय घडलं ते सांगा. 'स्पष्ट करा' म्हणजे का आणि कसं घडलं ते सांगा. 'तुलना करा' म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच निकषावर शेजारीशेजारी ठेवा. अर्धा निबंध एकीवर आणि अर्धा दुसरीवर, असं नव्हे. 'चिकित्सा करा' म्हणजे विधान कितपत टिकतं ते पुरावा तपासून ठरवा. निम्मे निबंध इथेच घसरतात, कारण विचारलेली असते चिकित्सा आणि लिहिलं जातं वर्णन.

मग मर्यादा बघा. एक वर्ष, एक पंप, एक साथ. म्हणजे कॉलऱ्याचा जागतिक इतिहास बाहेर, जंतूचा शोध बाहेर.

शेवटी प्रश्नातलं छुपं गृहीतक शोधा. इथे ते 'मुळे' या एका शब्दयोगी अव्ययात दडलंय. दांडा काढल्या'नंतर' साथ थांबली हे कोणीही मान्य करेल. 'नंतर' आणि 'मुळे' यांच्यात जे अंतर आहे, तोच तुमचा निबंध.

वाचन ४ ते ६ स्रोतांपुरतं ठेवा, त्यातला एक तरी मूळ साधन असावा. इथे जॉन स्नो यांचं, म्हणजे या पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरला असं मांडणाऱ्या लंडनच्या डॉक्टरांचं, १८५५ चं पुस्तक आहेच. टिपणं काढताना पानाचे तीन रकाने करा: मूळ वाक्य अवतरणचिन्हांत आणि पान क्रमांकासह, तेच तुमच्या शब्दांत, आणि 'हे कशाला लागेल'. तिसरा रकाना बहुतेक जण करत नाहीत. तो रिकामा राहिला तर ती नोंद निबंधात येणार नाही, मग ती कितीही रंजक असो.

आता मुख्य विधान. त्याची कसोटी सोपी आहे: एखादा समंजस माणूस 'मला हे पटत नाही' असं म्हणू शकतो का? 'स्नो यांचे कार्य महत्त्वाचे होते' याला कोण नाही म्हणणार? म्हणजे ते विधानच नव्हे. हे बघा:

'दांडा निघाला तेव्हा साथ आधीच ओसरत होती, त्यामुळे दांड्याने साथ थांबवली असे म्हणता येत नाही. फार तर पुढची लाट टळली असे म्हणता येते.'

यावर वाद घालता येतो, आणि परिच्छेद कुठे पडणार तेही यातूनच दिसतं.

शब्दवाटप: प्रस्तावना १२०, मधले चार परिच्छेद प्रत्येकी साधारण २३५, समारोप १४०. बेरीज १२००. मधल्या परिच्छेदांत सहा मुद्दे कोंबलेत तर प्रत्येकाला दीडशे शब्द मिळतात. त्यात मुद्दा सांगून होतो, पण पुरावा आणि त्याचा अर्थ लावायला जागा उरत नाही.

जाणकारांनी भर घालावी.

पूर्वपक्ष

वाचनखूण साठवली. एक भर.

चार परिच्छेदांपैकी एक विरुद्ध बाजूला द्याच. आपल्याकडे शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष (विरोधकाचं म्हणणं) मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतका नीट, आणि मग उत्तरपक्ष (त्याला आपलं उत्तर), ही रीत जुनीच आहे. विद्यार्थी करतात काय, तर 'काही जण असे म्हणतात, परंतु ते चूक आहे' असं एक वाक्य टाकून पुढे जातात. असला पूर्वपक्ष न मांडलेला बरा.

या उदाहरणात भक्कम पूर्वपक्ष उपलब्ध आहे. साथीतला सुरुवातीचा रुग्ण मानलं जाणारं बाळ पंपाला अगदी लागून असलेल्या घरात होतं, आणि त्या घराचा मैलाखड्डा विहिरीत झिरपत होता. दांडा ८ सप्टेंबरला काढला आणि त्याच दिवशी त्या बाळाच्या वडिलांना कॉलऱ्याची लागण झाली. म्हणजे विहिरीत पुन्हा विष (कॉलऱ्याचं दूषण) उतरायची वेळ आणि पंप बंद व्हायची वेळ एकच. दांड्याच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद मिळणार नाही. तो पूर्ण ताकदीने मांडा आणि मग दाखवा की यातून 'पुढची साथ टळली असावी' एवढंच सिद्ध होतं, 'चालू साथ थांबली' हे नाही. धागाकर्त्यांच्या विधानाचा 'फार तर...' हा उत्तरार्ध इथूनच येतो.

जागा म्हणाल तर तिसरा परिच्छेद. पहिल्यात ठेवलात तर वाचकाला तुमची बाजू कळायच्या आधी विरोध कळतो. शेवटी ठेवलात तर निबंध विरोधकाच्या वाक्यावर संपतो.

तळटीप

आकड्यांबद्दल सावध करतो, कारण याच उदाहरणात सापळा आहे.

स्नो यांच्या तक्त्यात दोन रकाने आहेत: त्या दिवशी सुरू झालेल्या, पुढे जीवघेण्या ठरलेल्या लागणी, आणि त्या दिवशी झालेले मृत्यू. १ सप्टेंबरला लागणी १४३, मृत्यू ७०. ८ सप्टेंबरला लागणी १२, मृत्यू ३०. आता कोणी पहिल्या तारखेची लागण आणि आठव्या तारखेचे मृत्यू घेऊन '१४३ वरून ३०' असं लिहिलं, तर आकडे खरे आणि वाक्य खोटं. साथ ओसरत होती का, हे लागणीच्या रकान्यावरून ठरतं. मृत्यू मागाहून येतात. म्हणून आकडा टिपताना रकान्याचं नावही टिपा.

आणखी थोडं संदर्भांविषयी:

संदर्भ द्यायचा तो अवतरणालाच नव्हे, दुसऱ्याकडून घेतलेल्या कल्पनेला आणि आकड्यालाही. शब्द तुमचे असले तरी.

मूळ वाक्यातले चार शब्द बदलून, वाक्याची चाल तशीच ठेवणं म्हणजे उचलेगिरीच. पुस्तक मिटा, मुद्दा तोंडी सांगा, तोच लिहा, मग पुस्तक उघडून पडताळा. पुस्तक उघडं ठेवून 'स्वतःच्या शब्दांत' लिहिता येत नाही.

१२०० शब्दांत थेट अवतरणं दोन, फार तर तीन, तीही एकेका ओळीची. लांब अवतरण म्हणजे तुमच्या वाट्याचे शब्द दुसऱ्याला देणं.

आणि यंत्राकडून (एआय चॅटबॉटकडून) संदर्भ मागवू नका. लेखक, वर्ष, पान सगळं साजरं दिसतं, आणि पुस्तक अस्तित्वातच नसतं. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय यादीत घालायचा नाही.

कोरा_कागद

धागा फार उपयोगी आहे, सर्वांचे आभार. हाच प्रश्न घेऊन एक परिच्छेद लिहिला आहे. बिनधास्त चिरफाड करावी.

'प्राचीन काळापासून मानवजात रोगांशी झुंज देत आली आहे. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची भयंकर साथ आली होती. थोर डॉक्टर जॉन स्नो यांनी नकाशा काढून पंपाचा शोध लावला व त्यांच्याद्वारे पंपाचा दांडा काढण्यात आल्याने साथ आटोक्यात आली. पोलंड स्ट्रीटवरील वर्कहाउसमध्ये (गरिबांच्या आश्रयगृहात) ५३५ जणांपैकी फक्त ५ जण दगावले. यावरून असे दिसून येते की स्नो यांचे कार्य अत्यंत मोलाचे होते.'

खोडरबर

धाडस केलंत, छान. वाक्यागणिक घेऊ.

पहिलं वाक्य कोणत्याही रोगावरच्या कोणत्याही निबंधाला चालेल. म्हणून इथे चालत नाही. उडवा. काही हरवत नाही.

तिसऱ्या वाक्यात दोन चुका आहेत आणि एक लबाडी, अजाणता झालेली. पंप संशयित आहे हे स्नो यांना मृतांच्या पत्त्यांवरून आणि घरोघरच्या चौकशीतून कळलं. प्रसिद्ध नकाशा नंतरचा, १८५५ च्या पुस्तकातला. दांडा स्नो यांनी काढला नाही. त्यांनी पॅरिशच्या (स्थानिक कारभार पाहणाऱ्या चर्च-विभागाच्या) मंडळापुढे म्हणणं मांडलं आणि मंडळाने तो काढवला. लबाडी म्हणजे 'काढण्यात आल्याने... आटोक्यात आली'. जे तपासायला सांगितलंय तेच तुम्ही गृहीत धरून मोकळे झालात.

'५३५ पैकी ५' हा हिरा आहे आणि तुम्ही तो रस्त्यात टाकून दिलात. का दगावले नाहीत ते कुठे आहे? वर्कहाउसची स्वतःची विहीर होती, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

शेवटचं वाक्य 'यावरून' म्हणतं, पण कशावरून? पाच माणसं दगावली यावरून स्नो थोर ठरत नाहीत.

असं करून बघा:

'साथ दूषित हवेतून पसरली असती, तर पंपाच्या आसपासच्या सर्व इमारतींना तिची झळ सारखीच बसायला हवी होती. तसे घडले नाही. पोलंड स्ट्रीटवरील वर्कहाउसला चहूकडून कॉलऱ्याने घेरले होते, तरी तेथील ५३५ रहिवाशांपैकी ५ जणच दगावले. या वर्कहाउसची स्वतःची विहीर होती. याउलट दूरच्या हॅम्पस्टेडमध्ये, जेथे तेव्हा कॉलरा नव्हता, एक वृद्ध विधवा कॉलऱ्याने दगावली. तिच्याकडे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी गाडीतून जात असे. पहिल्या उदाहरणात हवा तीच पण पाणी वेगळे, दुसऱ्यात हवा वेगळी पण पाणी तेच. दोन्हीकडे मृत्यू पाण्यामागे गेला, हवेमागे नाही.'

सांगाडा लक्षात घ्या: दावा, पुरावा, पुराव्याचा अर्थ. अर्थ लावणारी वाक्यं शेवटची दोन आहेत. तीच निबंधातून सगळ्यात जास्त गहाळ होतात, कारण लिहिणाऱ्याला ती उघड वाटतात.

पूर्वपक्ष

खोडरबर, परिच्छेद सुरेख आहे, पण प्रश्न चुकला.

विचारलंय काय? दांड्यामुळे साथ थांबली का. तुमचा परिच्छेद सिद्ध करतो काय? कॉलरा पाण्यातून पसरला. हा दुसऱ्याच निबंधाचा गाभा आहे. पाण्यातून पसरला हे शंभर टक्के मान्य करूनही दांडा उशिरा निघाला असं म्हणता येतंच की.

खोडरबर

मान्य. सपशेल मान्य. छान उतरलं म्हणून ठेवायचा मोह होतोच, आणि नेमका तोच परिच्छेद आधी तपासावा.

पूर्ण काढू मात्र नये. पंपाचं पाणीच दूषित नसेल तर दांड्याची चर्चाच व्यर्थ, म्हणून ही बाब पायरी म्हणून लागते. वर्कहाउसची दोन वाक्यं पहिल्या परिच्छेदात ठेवा, साधारण ५० शब्दांत. हॅम्पस्टेड काढा. वाचलेली जागा लागणीच्या तक्त्याला द्या, कारण निबंधाचा खरा कणा तो आहे. शिवाय स्नो यांनी स्वतःच कबूल केलंय की पाणी बंद होण्याआधीच लागणी इतक्या कमी झाल्या होत्या की विहिरीत तेव्हा विष उरलं होतं की नाही हे सांगता येत नाही. आणि लोक तो भाग सोडून पळून गेले हेही ते साथ ओसरण्याचं एक कारण मानतात. दांड्याचं श्रेय खुद्द दांड्याचा पुरस्कर्ताच घेत नाही, याहून चांगला पुरावा कोणता?

कोरा_कागद

म्हणजे परिच्छेद चांगला असूनही चुकीचा असू शकतो. हे लिहिताना कळायचं कसं? आपलंच लिखाण वाचताना सगळं बरोबरच वाटतं. आणि प्रस्तावना आधी लिहावी की शेवटी?

तळटीप

यासाठी उलटा आराखडा. खर्डा पूर्ण झाल्यावर कोरा कागद घ्या (नावाला जागून!) आणि प्रत्येक परिच्छेद काय *सिद्ध करतो* ते एका ओळीत लिहा. 'कशाबद्दल आहे' ते नाही. 'वर्कहाउसबद्दल' ही ओळ काही सांगत नाही. 'कॉलरा पाण्यातून पसरला' ही सांगते. मग निबंध बाजूला ठेवून फक्त या ओळी आणि मुख्य विधान वाचा. चार गोष्टी दिसतात: एखादी ओळ विधानाला लागू होत नाही, दोन ओळी एकच गोष्ट सांगतात, एका परिच्छेदाला दोन ओळी लागतात, किंवा दोन ओळींमध्ये 'म्हणून' अथवा 'पण' घालताच येत नाही, नुसतं 'आणि' बसतं. चौथी खूण गंभीर. 'आणि, आणि, आणि' असा निबंध म्हणजे यादी असते.

प्रस्तावनेचं म्हणाल तर शेवटी लिहा.

अर्धविराम

तळटीप यांच्याशी अर्धा असहमत. प्रस्तावना शेवटी लिहायची म्हणून काहीच न लिहिता मधूनच सुरुवात केली की खर्डा भरकटतो. आधी तीन ओळींची कामचलाऊ प्रस्तावना लिहा: प्रश्नाचा वाद कशात आहे, माझं उत्तर काय, ते कोणत्या क्रमाने दाखवणार. खर्डा झाला की ती फाडून नव्याने लिहा. लिहिता लिहिता विधान बदलतंच. प्रस्तावना जुनी आणि समारोप नवा राहिला तर परीक्षकाला लगेच कळतं.

आता भाषेची शेवटची फेरी. ही खरोखर शेवटी, मुद्दे आणि क्रम ठरल्यावर. जो परिच्छेद उद्या उडणार त्याचं शुद्धलेखन आज तपासण्यात अर्थ नाही.

'करण्यात आले', 'आढळून येते', 'दिसून येते' शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा, कोणी केलं? 'दांडा काढण्यात आला' यात कर्ता लपला, म्हणून वर स्नो यांच्या नावावर मंडळाचं काम जमा झालं. 'मंडळाने दांडा काढवला' म्हटलं की चूक करायला जागाच उरत नाही.

'द्वारे' बहुतेक वेळा 'ने' किंवा 'कडून' होतो.

'हे', 'ते', 'यामुळे' यांच्यावर बोट ठेवून नेमकं कोणतं नाम ते विचारा. मागे दोन नामं असतील तर सर्वनाम काढून नामच लिहा.

'अत्यंत', 'अतिशय', 'थोर', 'मोलाचे' काढा. जोर द्यायचा असेल तर आकडा द्या.

'च' मोजा. एका वाक्यात दोन आले तर एक तरी फुकट आहे.

'सिद्ध होते', 'सूचित होते', 'शक्य आहे' या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, एकमेकींच्या जागी वापरू नका. तक्ता साथ ओसरल्याचं दाखवतो, पण का ओसरली ते फक्त सुचवतो.

निबंधात 'असे, केले, त्यांचे' ही रूपं ठेवा, 'असं, केलं' नको. इथे गप्पांत चालतं.

आणि शब्दयोगी अव्यय जोडून लिहा. 'पंपा समोर', 'साथी मुळे' असं तोडलेलं सर्रास दिसतं. चूक तर आहेच, शिवाय संगणक एका शब्दाचे दोन मोजतो. असं पाच-पन्नास ठिकाणी झालं की १२०० चा निबंध कागदावर साडेबाराशेचा दिसतो आणि लोक नको तिथे कात्री चालवतात.

खोडरबर

अर्धविराम यांच्या पद्धतीला अनुमोदन. वेळेची वाटणीही लिहून ठेवतो. दहा दिवस हातात असतील तर वाचन आणि टिपणं चार दिवस, विधान आणि आराखडा एक, खर्डा दोन, मग एक दिवस निबंध उघडायचाच नाही, आणि शेवटचे दोन दिवस दुरुस्तीला: एक क्रम आणि मुद्द्यांसाठी, एक भाषा आणि संदर्भांसाठी. दोनच दिवस असतील तर स्रोत कमी करा, दुरुस्ती कमी करू नका. रिकामा दिवस मिळत नसेल तर किमान एक रात्र तरी जाऊ द्या, आणि कागदावर छापून मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा.

खर्डा मर्यादेपेक्षा १०-१५ टक्के मोठा झाला तर ठीक. १३५० वरून १२०० वर येताना निबंध सुधारतो. १८०० वरून यायचं असेल तर ती काटछाट नाही, एक मुद्दा पूर्ण काढायची वेळ आहे.

कोरा_कागद

उलटा आराखडा करून बघितला:

१. पंपाचं पाणी दूषित होतं.
२. १ ते ८ सप्टेंबर लागणी १४३ वरून १२ वर आल्या.
३. लोक भाग सोडून गेले होते.
४. विहीर पुन्हा दूषित होऊ शकत होती (पूर्वपक्ष).
५. स्नो यांनी स्वतः साशंकता नोंदवली.

पाच झाले. कोणता काढू?

पूर्वपक्ष

काढू नका. ३ आणि ५ एक करा, दोन्ही स्नो यांच्याच कबुलीतून येतात. ४ शेवटी न्या, म्हणजे पूर्वपक्ष मांडून त्याला उत्तर देता देता विधानाच्या 'फार तर' वर पोचाल. पूर्वपक्ष तिसरा ठेवा असं मी वर म्हटलं होतं ते इथे मागे घेतो, कारण तुमच्या विधानाचा उत्तरार्धच त्यातून निघतो. फक्त परिच्छेदाचं शेवटचं वाक्य तुमचं हवं, विरोधकाचं नको.

तळटीप

आणि २ मध्ये 'जीवघेण्या लागणी' लिहा. नुसतं 'लागणी' म्हटलं तर जे बरे झाले तेही त्यात मोजल्यासारखे होतात.